किरकोळ शंकांचा ताळेबंद

ज्यांच्या उत्तरावाचून कोणाचा व्यवहार अडत नाही, ज्यांच्यासाठी कोणी पदरचा पैसा खर्च करीत नाही, आणि तरीही जे चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या फलाटावर किंवा वीज गेल्यावर ओट्यावर येऊन बसलेल्या माणसांच्या मनात डोकावल्यावाचून राहत नाहीत, अशा प्रश्नांना किरकोळ शंका म्हणून बाजूस सारण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. शंका विचारणाऱ्यास वडीलधारी मंडळी एक तर 'तुला काय करायचंय' म्हणून गप्प बसवितात, नाही तर मनात येईल ते उत्तर ठोकून देऊन मोकळी होतात. या दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होय. कारण गप्प बसविलेला प्रश्न केव्हा ना केव्हा पुन्हा डोके वर काढतो, पण चुकीच्या उत्तराने शमलेला प्रश्न सहसा पुन्हा उठत नाही. अशा शंकांपैकी काहींचा आणि त्यांच्या उत्तरांचा एकत्र हिशेब मांडून पाहावा, म्हणजे त्यांतील कोणती उत्तरे टिकाऊ आणि कोणती तकलादू हे ठरविता येईल, या हेतूने हा आढावा घेतला आहे.

आढाव्यासाठी स्थळ घेतले आहे ते नारपोली. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेल्या या वस्तीत भंडारी कंपाउंडसारख्या आवारांतून यंत्रमागांच्या रांगा लागलेल्या आहेत. मूळचे आगरी-कोळी रहिवासी, उत्तर प्रदेश-बिहाराकडून आलेले कारागीर, शेजारच्या पद्मानगरातील तेलुगूभाषक विणकर आणि देशावरून नोकरीधंद्यासाठी उतरलेली कुटुंबे यांचा येथे नित्य संबंध येतो. माणसे नाना मुलखांची आणि नाना भाषांची असली, तरी त्यांच्या शंका मात्र पुष्कळशा सारख्याच आहेत. कारण माग, विजेची तार, कोकणपट्टीची दमट हवा आणि स्वतःचे शरीर या चार वस्तू सर्वांच्या वाट्याला सारख्याच आलेल्या आहेत.

पहिली शंका अर्थातच मागाच्या आवाजाची. बाहेरगावचा पाहुणा येथे रात्री मुक्कामाला आला तर मागांच्या खटखटाटाने त्याचा डोळा लागत नाही. घरची माणसे मात्र गाढ झोपतात, आणि वीज जाऊन सारे माग एकदम बंद पडले की तीच माणसे दचकून जागी होतात. आवाजाने झोप न मोडणाऱ्याची झोप शांततेने का मोडावी? याचे उत्तर असे, की आपला मेंदू आवाजाची दखल घेतो ती त्याच्या मोठेपणावरून तितकी नव्हे, जितकी त्यातील बदलावरून. एकाच ठेक्यात सतत चालणारा आवाज धोक्याची वार्ता देत नाही, असे मेंदूला काही दिवसांत कळून चुकते आणि तो त्याकडे काणाडोळा करू लागतो. ठेका तुटला की बदल झाला, आणि बदलाची खबर घेणे हे झोपेतही चालू असलेले त्याचे काम आहे. येथवर उत्तर समाधानकारक आहे, परंतु त्यातून 'सवय झाली म्हणजे आवाज बाधत नाही' असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो सपशेल चुकीचा आहे. सवय होते ती मेंदूला. अंतःकर्णातील सूक्ष्म संवेदी पेशींना ती होत नाही. आठ तासांच्या कामात ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज कानास अपायकारक मानला जातो. आणि मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकणाऱ्या मागांच्या शेडमध्ये, त्यातही बारा तासांच्या पाळीत, ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मेलेल्या संवेदी पेशी पुन्हा उगवत नाहीत. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातले विणकर गिरणीत एकमेकांच्या ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत, आणि आपल्याकडचे कारागीर खुणांनी बोलतात. याचे कारण कौशल्याची हौस नसून कानांची लाचारी आहे.

दुसरी शंका सुताच्या नंबराची. सुती धाग्याचा नंबर जसा वाढतो तसा धागा बारीक होत जातो, आणि पॉलिस्टरच्या धाग्याचा डेनिअर वाढला की धागा जाड होतो; एकाच बाजारात, एकाच दुकानात या दोन उलट्या रीती कशा नांदतात? सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. चाळीस नंबरच्या एका पौंड सुताची लांबी म्हणून ३३,६०० वार, म्हणजे ३० किलोमीटरहून अधिक भरते. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. पहिल्या मापात वजन कायम ठेवून लांबी मोजली आहे आणि दुसऱ्यात लांबी कायम ठेवून वजन मोजले आहे. सबब एकाचा आकडा धाग्याच्या बारीकपणाबरोबर चढतो आणि दुसऱ्याचा जाडीबरोबर. कापूस कातणाऱ्याला हातातल्या एवढ्या कापसातून किती लांब धागा निघेल याची चिंता, तर डेनिअर मूळचा रेशमाच्या व्यापारातला, जेथे धागा कातावा लागत नाही, कोशातून उलगडून निघतो आणि मग त्याच्या वजनाचा प्रश्न येतो. म्हणजे दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी सयुक्तिक आहेत, आणि भिवंडीच्या बाजारात त्या एकत्र आल्या याचे कारण कापूस आणि कृत्रिम धागा हे दोन्ही माल येथे एकत्र आले, एवढेच.

आता ज्या शंका वरवर पाहता एकमेकींपासून फार दूरच्या वाटतात, अशा काहींचा घोळका विचारात घेऊ. सुती सूत उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत अधिक तुटते आणि पावसाळ्यात कमी तुटते, हे का? पावसाळ्यात माठातले पाणी गार का होत नाही? दरवाजे चौकटीत अडकतात का? मिठाला पाणी का सुटते? आणि हिवाळ्यात कोरडे वारे सुटले की पॉलिस्टरचा शर्ट काढताना चटचट आवाज होऊन अंगावरचे केस का उभे राहतात? या पाचही प्रश्नांचे उत्तर हवेतल्या बाष्पात आहे. कापसाचा तंतू हवेतील ओलावा शोषतो. प्रमाणित हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी त्यात असते, आणि ओला झाल्यावर तो दुबळा न होता उलट अधिक बळकट होतो. म्हणूनच कापडधंद्याने दमट हवेचे प्रदेश जवळ केले आणि जेथे हवा कोरडी तेथे शेडमध्ये पाणी शिंपडण्याची किंवा तुषार सोडण्याची व्यवस्था केली. लाकूडही याच न्यायाने पाणी शोषून फुगते आणि दरवाजा अडतो. शुद्ध मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागते. त्यात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असले तर त्याआधीच, आणि वसई-भाईंदरच्या मिठागरांतील खडे मीठ साध्या बरणीत का टिकत नाही याचा उलगडा यातून होतो. माठाचे पाणी गार होते ते माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना, एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता ती बरोबर घेऊन जाते म्हणून. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर ही वाफ होणार कशी? शेवटी पॉलिस्टर, हा धागा ओलावा जवळजवळ शोषतच नाही, म्हणून घासण्याने साठलेल्या विद्युत्भारास वाट मिळत नाही, आणि हवाही कोरडी असली की तो ठिणगीच्या रूपाने बाहेर पडतो. मागावरही कोरड्या दिवसांत पॉलिस्टरचे धागे उपद्रव देतात तो यामुळेच. ज्या हवेत सूत सुखाने चालते त्याच हवेत माठ नापास होतो, हे एकदा ध्यानात आले की पाच उत्तरे वेगवेगळी पाठ करण्याचे प्रयोजन उरत नाही.

याच प्रकरणातील एक पोटशंका कापडाच्या खळीची. नवे सुती कापड ताठ असते आणि पहिल्या धुण्यात मऊ पडून थोडे आटते. 'कंपनीने माल हलका दिला' हे त्याचे प्रचलित उत्तर होय. वस्तुतः ताण्याच्या धाग्यांना मागावर फणीचे घर्षण आणि ताण सोसावा लागतो म्हणून सायझिंगमध्ये त्यांना पिष्टमय खळ दिली जाते. बाण्याच्या धाग्याला हा जाच नसल्याने कांडीवरच्या सुताला खळ नसते. धुण्यात खळ जाते, मागावर ओढून धरलेला ताणा सैल होतो, आणि कापड लांबीत अधिक आटते.

विजेसंबंधीच्या शंकांत अग्रमान अर्थातच तारेवर बसलेल्या कावळ्याचा. त्याला झटका का बसत नाही, असे विचारले असता पायांची कातडी रबरासारखी असते, असे उत्तर देणारे सुशिक्षितही कमी नाहीत. हे उत्तर खरे असते तर वटवाघळे तारांवर मरून लोंबकळताना दिसली नसती. वीज वाहते ती दोन ठिकाणच्या दाबांत फरक असेल तर. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, बोटभर अंतरावर असतात. तेथे दाबात फरक जवळजवळ नाही, म्हणून त्याच्या शरीरातून प्रवाह जाण्याचे कारणही नाही. मोठ्या फलाहारी वटवाघळाचे पंख पसरले की ते मीटरभराहून रुंद होतात आणि एकाच वेळी दोन तारांना टेकतात; तेथे त्याचा शेवट होतो. छपरावरून तारेला लोखंडी सळई लावणारा माणूस कावळ्याच्या नव्हे, वटवाघळाच्या जागी उभा असतो, हे ज्याला समजले त्याने या उत्तराचा खरा उपयोग करून घेतला असे म्हणावे.

तारेवरून शेडमध्ये आलो की तेथील शंका अधिक चमत्कारिक आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात मागाच्या मोटारीचे चाक कधी कधी उलटे, आणि तेही सावकाश फिरताना दिसते. नजरबंदी वाटावी असा हा प्रकार साध्या त्रैराशिकाने सुटतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि जुन्या पद्धतीची ट्यूब प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटार सेकंदाला २४ फेरे घेते; दोन उजाळ्यांच्या मधल्या काळात तिच्या पुलीचा ०.२४ फेरा होतो. पुलीला चार सारखे आरे असतील तर पाव फेऱ्यानंतर ती जशीच्या तशी दिसली पाहिजे. परंतु ती पाव फेऱ्याला एक शतांश फेरा कमी पडते, आणि डोळ्याला प्रत्येक वेळी आरा तेवढाच मागे सरकल्याचा भास होतो. शंभर वेळा एक शतांश मागे म्हणजे सेकंदाला एक फेरा उलटा. फिरणारे चाक थांबल्यासारखे किंवा मंद दिसणे ही गंमत नसून अपघाताचे आमंत्रण आहे. म्हणूनच कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकण्याची पद्धत पडली. भिवंडीतील वीजवितरण २००७ साली टोरंट पॉवर या कंपनीकडे आले आणि त्यावर लोकांनी पुष्कळ वाद घातले; परंतु वितरण कोणाचेही असले तरी ५० आवर्तनांचा हा हिशेब बदलत नाही.

काही शंका अशा असतात की त्यांच्यापायी शास्त्राचा एखादा नवा दरवाजा उघडतो. समुद्र निळा का दिसतो, ही शंका त्यांतली. आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे तिचे उत्तर रॅलेसारख्या थोर शास्त्रज्ञानेही दिले होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नरकुंडा' या आगबोटीने परतत असताना त्यांनी निकोलच्या लोलकातून समुद्राकडे पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड त्या लोलकाने अडविला, तरी निळाई गेली नाही, उलट अधिक गहिरी झाली. मुंबईच्या बंदरात बोट लागली तेव्हा, २६ सप्टेंबर १९२१ रोजी, त्यांनी या विषयावरचे आपले टिपण 'नेचर' नियतकालिकासाठी लिहून पूर्ण केले. पाण्याकडून प्रकाश कसा विखुरतो या मार्गाने पुढे गेलेला हाच शोध २८ फेब्रुवारी १९२८च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३०च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचला. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषते, ही निळाईची दुसरी आणि मोठी बाजू आता सर्वमान्य आहे. मग भिवंडीजवळची आपली खाडी निळी का नाही? तिच्या पाण्यात तरंगणारा गाळ सर्वच रंगांचा प्रकाश पृष्ठभागाजवळूनच परत फिरवितो. पाण्याला आपला रंग दाखविण्याइतकी खोली प्रकाशाला मिळतच नाही.

शरीरासंबंधीच्या शंकांत सोपी उत्तरे सर्वाधिक फसवी असतात. कपडे धुणाऱ्या बाईच्या बोटांना सुरकुत्या पडतात त्या कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु हाताचा विशिष्ट मज्जातंतू तुटलेल्या रुग्णांच्या बोटांना पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, असे १९३०च्या दशकात डॉक्टरांना आढळून आले. कातडी तीच आणि पाणीही तेच असता सुरकुत्या नाहीत, तेव्हा हे काम कातडीचे नसून मज्जासंस्थेचे आहे. तिच्या हुकमाने बोटातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. ओल्या वस्तूवर पकड बसावी हा त्यामागील हेतू असावा, असे २०१३च्या एका प्रयोगात दिसून आले. दुसऱ्या प्रयोगकर्त्यांना मात्र तसा फरक आढळला नाही. कारण ठरले आहे आणि प्रयोजन वादात आहे; या दोहोंची गल्लत करू नये. उलट कांद्याने डोळ्यांत पाणी येण्याचे प्रकरण निकाली निघालेले आहे: कापताना फुटलेल्या पेशींतील विकरांमुळे गंधकयुक्त उडनशील द्रव्य तयार होते आणि ते डोळ्यांस झोंबते, कांदा गार करून कापल्यास ते कमी उडते.

कचेरीतील आणि बाजारातील शंकांनाही या ताळेबंदात स्थान दिले पाहिजे, कारण निसर्गाचे 'का' विचारणारा माणूस सरकारी कागदाचे 'का' विचारण्यास बिचकतो. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा विचित्र आकडा कोणी ठरविला? इंग्रजांनी मोजणीसाठी आणलेली गंटरची साखळी ६६ फुटांची. तिच्या निम्म्या लांबीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि असे ४० चौरस म्हणजे एक एकर. सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यात हक्क, दुसऱ्यात पिके. तसेच भिवंडीभोवती, काल्हेर-पूर्णा-वळ या गावांतून, गोदामांची एवढी दाटी का, हाही रोजचाच प्रश्न. मुंबईची जकात हे त्याचे जुने उत्तर: माल शहराच्या हद्दीत नेला की जकात भरावी लागे, म्हणून तो हद्दीबाहेर साठवून लागेल तसा आत न्यावा. परंतु १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात गेली, आणि गोदामे उठली नाहीत, उलट वाढली. म्हणजे जकातीचे उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते; नाशिक, ठाणे आणि गुजरातकडे जाणारे रस्ते, न्हावाशेव्याचे बंदर, मुंबईपेक्षा स्वस्त जमीन आणि शेजारची प्रचंड बाजारपेठ ही कारणे जकातीच्या आड झाकली गेली होती.

अशा शंकांचे समाधान करण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात, आणि त्यांतील एकाचा प्रश्न, माणूस झोपला असता त्याच्यात कोण झोपतो, कोण जागा राहतो आणि स्वप्ने कोण पाहतो, हा नारपोलीच्या मागाच्या शंकेपासून फारसा दूर नाही. पिप्पलाद त्यांना वर्षभर राहावयास सांगून, 'आम्हांस ठाऊक असेल तर सांगू' अशा अर्थाची अट घालतात, ही त्या उत्तर देणाऱ्याची प्रामाणिकता होय. अर्वाचीन काळात बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचा प्रचंड व्याप उभा केला, १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' मासिकाने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने हे काम पुढे चालविले. या साऱ्या उद्योगात उणीव एकच राहिली, ती ही की उत्तरे बहुधा पुस्तकाच्या प्रकरणांप्रमाणे लावली गेली, विचारणाऱ्याच्या जागेवरून नव्हे. त्यामुळे बाष्पीभवन शिकलेल्या मुलाला माठ आणि माग यांचे नाते शाळेत कळत नाही.

वरील सर्व उदाहरणांचा निष्कर्ष काढावयाचा तर चांगल्या उत्तराच्या दोन कसोट्या सांगता येतील. पहिली ही, की त्याने अपवादाचाही जबाब दिला पाहिजे: कावळ्याबरोबर वटवाघळाचा, निळ्या समुद्राबरोबर गढूळ खाडीचा, जकातीबरोबर जकात उठल्यानंतरच्या गोदामांचा. ज्या उत्तराला अपवाद विचारताच ते गोंधळते, ते पाठांतर होय, ज्ञान नव्हे. दुसरी ही, की खरे उत्तर एकट्या प्रश्नाचे कधीच नसते. ते लागू पडले की आणखी चार प्रश्न आपोआप सुटतात. या दोन कसोट्या लावल्या असता प्रचारातील निम्मीअधिक उत्तरे बाद होतील, आणि उरतील ती थोडी पण भरवशाची असतील. म्हणून घरी किंवा वर्गात ज्यांना मुले शंका विचारतात, अशा सर्वांना विनंती एवढीच, की उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि ठाऊक असेल तर त्याचा अपवादही मुलांना शोधावयास लावावा.